सहाशे चाळीस किलोमीटर आणि पाऊणताई

इथल्या विमानतळापासून शेजारच्या देशाच्या राजधानीतील विमानतळापर्यंतचे अंतर छापील कोष्टकात सहाशे चाळीस किलोमीटर दिलेले आहे आणि प्रवासाचा वेळ एक तास वीस मिनिटे. पाऊणताईंनी एकतीस वर्षे तिकिटांच्या खिडकीमागे बसून यातला पहिला आकडा मान्य केला. दुसरा कधीही केला नाही. "अंतर विमानाचं असतं. वेळ माणसाला लागतो," असे त्या म्हणत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारत.

त्यांच्या नऊ वह्या मी तपासल्या आहेत. प्रवासाहून परतलेला माणूस उरलेल्या कामासाठी खिडकीशी आला, की ताई त्याला दोनच प्रश्न विचारीत: घरातून किती वाजता पाऊल बाहेर टाकलंत, आणि तिथल्या घरात किती वाजता टाकलंत? उत्तरे दोन रकान्यांत उतरत. दोन्ही रकान्यांचे शीर्षक एकच, 'उंबरठा'. शेजारच्या राजधानीच्या अशा चौसष्ट नोंदी सापडतात. त्यांवरून ताईंनी काढलेली सरासरी सहा तास दहा मिनिटे आहे. मी ती पुन्हा काढली तेव्हा सहा तास चार मिनिटे आली. हे त्यांना दाखवले, तेव्हा त्या जराही न ओशाळता म्हणाल्या, "वरची सहा मिनिटं बूट शोधण्याची."

कचेरी म्हणजे चपलांचे दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये चेपून बसलेली एक अरुंद खोली. दोन टेबले, भिंतीवर दोन घड्याळे, एक इथले आणि एक शेजारच्या देशाचे, एक तास पुढे असलेले. काचेला बोलण्यासाठी गोल भोक, पण ते बेताच्या उंचीवर पाडलेले, त्यामुळे उंच माणसाला नम्र झाल्याशिवाय तिकीट मिळत नसे. लाल कार्बनच्या तिकिटांमुळे ताईंच्या उजव्या हाताची बोटे कायम गुलाबी असत.

'पाऊणताई' हे नाव त्यांना कुणी दिले याचे तीन दावेदार आहेत आणि तिघांचेही पुरावे कच्चे आहेत. कारणाबद्दल मात्र वाद नाही. विमानतळावर साडेसातला पोहोचायचे असेल, तर ताई गिऱ्हाइकाला पावणेसात सांगत. नऊला असेल तर सव्वाआठ. हा पाऊण तास त्या कुणालाही न सांगता कापून घेत. काही वर्षांत ही गोष्ट गावभर झाली, आणि लोक त्यांनी सांगितलेल्या वेळेत मनातल्या मनात पाऊण तास मिळवू लागले. लोक मिळवतात हे ताईंनाही ठाऊक झाले. तरीही त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी विमान चुकलेले फक्त अकरा जण वह्यांत आढळतात, आणि त्यांतल्या चौघांपुढे ताईंनी 'मुद्दाम' असा शेरा मारला आहे. मालक ओळखीपाळखीच्यांना सांगत, "या धंद्यात दीडशहाणे पुष्कळ भेटतात. आमच्याकडे ही पाऊण आहे म्हणून सरासरी जागेवर राहते."

गिऱ्हाइकांचे घोळ बहुधा दुसऱ्या घड्याळामुळे होत. एका नळदुरुस्तीवाल्याचा किस्सा ताई अजूनही साभिनय सांगतात. त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिले आणि भोकाशी वाकून विचारले,

"ताई, जाताना सव्वानऊला निघतं, अकरा पस्तीसला पोचतं. म्हणजे दोन तास वीस मिनिटं?"

"घड्याळं वेगळी आहेत. खरे एक तास वीस."

"आणि येताना साडेतीनला निघतं, तीन पन्नासला पोचतं. वीस मिनिटं!" त्याने तिकीट पुन्हा उलटे केले. "मधे उतार आहे का?"

"आहे ना," ताई म्हणाल्या. "येताना पायलट इंजिन बंद करतो."

तो समाधान पावून गेला. परतल्यावर त्याने कळवले की इंजिन चालूच होते, त्याने नीट कान देऊन ऐकले. ही माहितीही वहीत आहे.

आता ज्या प्रवासासाठी मी हे सर्व लिहीत आहे, त्याकडे वळतो. तो ताईंनी स्वतः केलेला पहिला विमानप्रवास. त्या वेळी त्यांची नोकरीची बावीस वर्षे झाली होती आणि मोबाइल फोन अजून माणसांच्या खिशात शिरले नव्हते.

ताईंना पाठचा एकच भाऊ. वय अडतीस, उंची सहा फूट, घरातले नाव टिल्लू. तो दूरच्या एका देशात लिफ्ट दुरुस्त करीत असे आणि नऊ वर्षांत घरी आलेला नव्हता. महिन्याला एक पत्र मात्र चुकत नसे. या प्रवासाच्या सात महिने आधी एका पत्रात ओळ आली: 'कामावर हाताला किरकोळ लागलं, काळजी करू नये.' हे पत्र आणि त्यानंतरची चार पत्रे दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होती. त्यापुढची टंकलिखित येऊ लागली. पत्रे मी पाहिली आहेत. सगळ्यांत मजकूर आनंदाचा आहे, आणि हाताविषयी पुन्हा एक अक्षर नाही.

ताईंनी विचारून पाहिले. उत्तर आले: 'मी मजेत, वजन वाढलं.'

"पत्रात कुणीही जाड असतं," ताई यजमानांना म्हणाल्या. यजमान शाळेत चित्रकला शिकवीत. "सही पण टाइप केलीय हो यानं. हात आहे ना याला?"

"अगं, किरकोळ म्हणतोय ना?"

"लहानपणी छपरावरून पडला तेव्हा पण किरकोळच म्हणाला होता. दोन ठिकाणी मोडला होता पाय."

मग ते पत्र आले. टिल्लूला आणखी लांबच्या एका देशात लिफ्ट तपासनिसाची नोकरी मिळाली होती. तिकडे जाताना तो शेजारच्या राजधानीत विमान बदलणार होता. सकाळी दहा पन्नासला उतरणार, दुपारी दोन दहाला उडणार. पत्राच्या शेवटी त्याने सहज लिहिले होते, 'तुझ्या किती जवळून जाणार बघ!'

ताईंनी त्या संध्याकाळी वहीचे एक पान खर्च केले. ते पान असे आहे: 'तो उतरणार १०:५०. मी उतरणार ११:३५. शिक्का, सामानाचा पट्टा, दार: १२:१५. त्याने पुन्हा आत जायचे १:१०. हाती पंचावन्न.' पंचावन्नखाली दोन रेघा आहेत. दुसऱ्या रेघेला कागद फाटला आहे.

"पंचावन्न मिनिटांसाठी सहाशे चाळीस किलोमीटर?" यजमानांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे मिनिटाला जवळजवळ बारा किलोमीटर पडले."

"जाऊन-येऊन तेवीस," ताईंनी दुरुस्ती केली. "मला हात बघायचाय. हाताला पंचावन्न मिनिटं पुरतात."

मालकांनी रजा लगेच दिली, कारण बावीस वर्षांत ती कुणी मागितलीच नव्हती. ताईंनी टिल्लूला पत्र धाडले: 'त्या दिवशी सव्वाबाराला बाहेर पडण्याच्या दाराशी ये. मी येते आहे. शिक्का मारून बाहेर येता येतं, आपल्याला नुसता पासपोर्ट पुरतो, मी चौकशी केली आहे.' पत्राची नक्कल ताईंनी ठेवली आहे, त्यामुळे शब्दांबाबत शंका नाही. सव्वाबारा म्हणजे सव्वाबारा. पाऊण तास कापायला या वेळी जागाच नव्हती, म्हणून ताईंनी तो कापला नाही. कापला नाही, हे लिहायचे मात्र राहून गेले.

निघताना यजमानांनी एक गुंडाळी हातात दिली. आत जाड पुठ्ठ्यावर लाल-काळ्या सुबक अक्षरांत लिहिले होते: टिल्लू.

"हे काय?"

"नऊ वर्षं झाली. चेहऱ्यावरून ओळखला नाहीस तर?"

"अहो, अडतीस वर्षांचा बाप्या आहे तो! हे धरून मी उभी राहू?"

"राहा की. दुसरं कुणी पुढे आलं, तर मात्र घरी आणू नकोस."

विमानातल्या ऐंशी मिनिटांविषयी ताई फारसे सांगत नाहीत. खिडकीची जागा होती, पण त्या घड्याळाकडे पाहत होत्या. उतरल्यावर शिक्क्याच्या रांगेत त्यांच्यापुढे सतरा माणसे होती. दारातून बाहेर पडल्या तेव्हा बारा वाजून तेरा मिनिटे झाली होती. अंदाजापेक्षा दोन मिनिटे आधी. ताईंना स्वतःविषयी बरे वाटले.

सव्वाबारा झाले. टिल्लू नव्हता.

बारा वीसला त्यांनी पुठ्ठा उलगडला. शेजारी एका कंपनीच्या नावाची पाटी धरून एक ड्रायव्हर उभा होता. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत चौकशी केली, "तुमचे साहेब पण आले नाहीत?"

"साहेब नाही. भाऊ आहे."

"मग उशिरा येईल," तो ठामपणे म्हणाला. "साहेबाला मीटिंग असते. भावाला फक्त तुम्ही असता."

साडेबाराला ताई चौकशीच्या खिडकीवर गेल्या आणि पासपोर्टावरचे नाव लिहून दिले. ते नाव तिथल्या बाईंनी तीन भाषांत पुकारले आणि तिन्ही वेळा निरनिराळे. पहिल्या वेळी ताईंना वाटले, विमानाच्या चाकाचा एखादा भाग पुकारला जातो आहे. कुणीही आले नाही. ताईंच्या मनात एकामागून एक कारणे येऊ लागली: विमानच आले नसेल, आले असेल, पण याला बाहेर सोडले नसेल, किंवा मुद्दाम आला नसेल, कारण दाखवण्यासारखा हातच उरला नसेल. हे तिसरे कारण त्यांना पटू लागले, तशा त्या बाकावर बसल्या. मांडीवर पुठ्ठा होता. त्यावरचे नाव बघता बघता टिल्लूची जन्माची खोड आठवली, आणि सगळे लख्ख झाले. त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की ड्रायव्हरने वळून पाहिले.

"अगं बाई! मी त्याला खरी वेळ सांगितली!"

ज्या माणसाने शाळेच्या घंटेपासून ताईंच्या प्रत्येक वेळेत पाऊण तास मिळवला होता, त्याने सव्वाबारातही मिळवला असणार. सव्वाबारा अधिक पाऊण, एक. तो एकला येणार, हसत येणार, आणि त्याने परत आत जायचे होते एक दहाला. पंचावन्नचे दहा झाले होते.

टिल्लू त्या वेळी वरच्या मजल्यावर न्हाव्याच्या खुर्चीत होता. ही माहिती त्याने मला स्वतः दिली. साडेअकरालाच तो शिक्का मारून बाहेर पडला होता. दाढी वाढलेली दिसली तर ताई दहा मिनिटे त्यावरच बोलेल, म्हणून मधला वेळ त्याने सत्कारणी लावला. पुकारा त्याने ऐकला होता. गालाला साबण असताना खुणांनी तो न्हाव्याला म्हणाला, की बघा, कुणीतरी बिचारा हरवलाय.

बरोबर एक वाजता तो जिना उतरून आला. गुळगुळीत गाल, नवा कोट, डाव्या हातात पिशवी, उजवा हात खिशात.

"ताई! बघ, मिनिटाचा फरक नाही!"

"टिल्ल्या, गाढवा! सव्वाबारा लिहिलं होतं मी!"

"म्हणजे एक."

"म्हणजे सव्वाबारा!"

"कधीपासून?" त्याने खरोखर आश्चर्याने विचारले. मग पुठ्ठ्याकडे त्याचे लक्ष गेले. "हे भावजींचं काम ना? 'ट' ला काय टाच काढलीय!"

"दहा मिनिटं उरलीत. हात दाखव."

"कुठला?"

"तुला किती आहेत?"

"वजन वाढलंय की नाही, ते सांग आधी."

"टिल्लू."

तो इकडेतिकडे पाहू लागला. खिशातला हात खिशातच राहिला. मग विषय बदलायचा म्हणून, केवळ त्यासाठी, त्याने विचारले, "तुझं परतीचं किती वाजता?"

"साडेतीनला."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? इथूनच की."

टिल्लूने आत जायच्या दाराकडे मान वळवली.

"मग तू पण आत येऊ शकतेस," टिल्लू म्हणाला.

बावीस वर्षांत ताईंनी हजारो माणसांना कोणत्या दाराने आत जायचे ते सांगितले होते. कुणाला कितीला आत सोडतात, कुणाला नाही, हे त्यांना पाठ होते. पण त्यांनी मांडलेल्या कोष्टकात प्रवासी एकच होता, टिल्लू. आपल्या पर्समध्ये त्याच विमानतळाचे, त्याच दुपारचे, स्वतःच्या गुलाबी बोटांनी फाडलेले तिकीट आहे आणि त्यामुळे आपणही प्रवासी आहोत, हे त्यांनी धरलेच नव्हते. मी त्या काळचा इमारतीचा नकाशा मिळवून पाहिला. विमान बदलणाऱ्यांसाठी आतून एक मार्गिका होती. ताई तिच्यातून आल्या असत्या, तर टिल्लूला बाहेर पडण्याची गरजच नव्हती. दोघांना शिक्का न लागता, पट्ट्याशी न थांबता, बारा वाजायच्या आधीपासून एकत्र बसता आले असते.

ताईंना हे नकाशाशिवायच कळले. आत जायच्या रांगेत त्या पुटपुटत होत्या, "पावणेदोन तास! पावणेदोन तास घालवले मी! गिऱ्हाइकाच्या बाबतीत असं झालं असतं, तर मालकांनी मला—"

"कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं," टिल्लू म्हणाला. "बावीस वर्षांची अब्रू आहे."

"तू गप्प बस. तिथे जेवायला काय देतात?"

रांगेत त्यांनी नऊ वर्षे वीस मिनिटांत बसवली. यजमानांचा गुडघा, आईचे शिलाई मशीन, कुणाला मुलगी झाली, कुणाशी कोण बोलत नाही. नव्या कामात काय करायचे असते, असे ताईंनी विचारले. "दुसऱ्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये बसायचं आणि घाबरायचं नाही," तो म्हणाला.

तपासणीच्या चौकटीत शिपायाने दोन्ही हात वर करायला सांगितले. टिल्लूला खिसा सोडावा लागला. हात वर गेला, हे ताईंनी मागून पाहिले. हात होता. पण मूठ वळलेली होती का, बोटे किती, हे दिसायच्या आत त्यांची स्वतःची पर्स पट्ट्यावर अडकली आणि मागच्या माणसाने त्यांना हलके पुढे सारले.

एक सव्वीसला ते फाटकासमोरच्या खुर्च्यांवर बसले. टिल्लू ताईंच्या डाव्या बाजूला बसला, म्हणजे उजवा हात दोघांच्या मध्ये, पण कोटाच्या खिशात, आणि वर पिशवी ठेवलेली. आदल्या संध्याकाळपासून एकोणीस तास तो प्रवासात होता. ताई शेजारच्या घरातल्या भांडणाची हकीकत सांगत होत्या. ती अर्ध्यावर आली असताना त्यांच्या खांद्यावर जड काहीतरी टेकले. टिल्लू झोपला होता.

तो किती वेळ झोपला याविषयी दोघांच्या साक्षी जुळत नाहीत. टिल्लू म्हणतो, दोन मिनिटे. ताई म्हणतात, अकरा, आणि समोरच्या फलकावर घड्याळ होते. मी अकरा धरतो. झोपलेल्या माणसाची वेळेबाबतची साक्ष ग्राह्य मानण्याची पद्धत नाही. ताईंनी त्याला उठवले नाही, एवढे मात्र दोघांनाही मान्य आहे. सहाशे चाळीस किलोमीटर आलेल्या, पंचावन्न मिनिटांसाठी भांडलेल्या या बाई उरलेल्या पंचवीस मिनिटांतली अकरा गप्प बसून होत्या.

अगदीच गप्प नाही. पिशवी घसरली, मागोमाग हातही खिशातून घसरला आणि ताईंच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलला. तो गरम होता. पाच बोटे होती. त्यांनी ती दोनदा मोजली. मनगटापासून करंगळीपर्यंत एक पांढरट, जाड व्रण गेला होता. त्यांनी एकेक बोट हळूच मिटून पाहिले. अंगठा मिटला. पहिले बोट मिटले, मधलेही मिटले. अनामिका आणि करंगळी ताठ राहिल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ताठ. सात महिने ताईंनी या हाताची जी जी कल्पना केली होती, तिच्यापुढे दोन ताठ बोटे म्हणजे काहीच नव्हते. तिसऱ्यांदा बोटे मिटताना त्यांना हसू येऊ लागले, आणि खांदा हलू नये म्हणून त्यांनी ते तोंडात कोंडून धरले.

फाटक उघडल्याचे जाहीर झाले. टिल्लूने डोळे उघडले नाहीत.

"पाहिलास?" त्याने विचारले.

"पाहिला."

"लिहिता येत नाही अजून नीट. बाकी सगळं येतं. ताई, रागावलीस?"

ताईंनी हात उजेडाकडे वळवून धरला.

"दाढीला वेळ मिळाला," त्या म्हणाल्या, "आणि नखं कोण कापणार होतं?"

टिल्लू इतक्या जोराने हसला की फाटकावरच्या बाईंनी मान वर केली. मग तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली, पुठ्ठा काखेत मारला आणि बोर्डिंग पास उजव्या हातात, तीन बोटांत धरून रांगेत उभा राहिला.